काकांचं चौथं मत

निवडणुकीवर आमच्या शेजारच्या काकांइतकं प्रेम करणारा माणूस जगात दुसरा नसेल. असलाच, तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढी काळजी कोणीतरी घ्यावी, कारण चहाचा कप आधी कोणी उचलायचा यावर ते गुप्त मतदान घेतील आणि निकाल लागेपर्यंत चहा गार होईल. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. इथे ब्रिटनमध्ये, वेल्सच्या कार्डिफला आमच्या दोन घरांच्या मध्ये एक लाकडी कुंपण आहे. त्याला रंग कोणता द्यायचा हे ठरवायला काकांनी बिस्किटांच्या डब्याला वरून फट पाडून मतपेटी केली होती. मतदार तिघं: मी, माझा नवरा आणि काका. उमेदवार दोन: हिरवा आणि तपकिरी. मी म्हटलं, "काका, तिघंच तर आहोत, तोंडानं विचारा ना." तर म्हणाले, "तोंडानं विचारलं की नवरा बायकोच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते. मत असं पाहिजे, की कोणाच्या तोंडाकडे न पाहता देता आलं पाहिजे." हिरव्याला दोन पडली, तपकिरीला एक. तपकिरी माझं होतं. नवरा आजही शपथेवर सांगतो की त्यानंही तपकिरीच दिलं होतं. मला बेरीज येते. पण निकालानंतर मतदाराची उलटतपासणी घेणं हा गुन्हा आहे असं काकांनी बजावल्यामुळे आमच्या घरात तो विषय बंद आहे. कुंपण हिरवं आहे.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले. रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनिअर म्हणून तरुणपणी इकडे आले, इथेच निवृत्त झाले, काकू इथेच गेल्या. एवढी वर्षं राहूनही त्यांनी पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवला. त्यानं त्यांचं काही अडलं नाही, कारण इथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथल्या निवडणुकांत मत देता येतं. आपल्यातल्या बऱ्याच लोकांना हे ठाऊकच नसतं, आणि ते ठाऊक करून देणं हा काकांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ धंदा होता. आमच्या गल्लीत पुण्याचं किंवा नागपूरचं एखादं नवं जोडपं भाड्यानं राहायला आलं, की त्यांचं वायफाय सुरू व्हायच्या आत काका चिवड्याचा डबा घेऊन दारात उभे. एकदा एका सॉफ्टवेअरवाल्या मुलानं अंग चोरत सांगितलं, "काका, मी दोनच वर्षांसाठी आलोय. मला काय करायचंय इथल्या मतदार यादीत?"

"दोन वर्षं कचरा टाकशील का नाही?"

"टाकीन."

"तो कोणी उचलायचा, कोणत्या वारी उचलायचा, हे ठरवणारा माणूस कोणीतरी निवडतेच ना? मग तो तूच निवड. जिथे आपला कचरा उचलतात, तिथे आपलं मत पाहिजे."

हे त्यांचं सगळं राज्यशास्त्र. याहून खोल काही असेल तर ते मला कधी सापडलं नाही, आणि याहून खोल काही लागतं असंही आता वाटत नाही. मुलानं मुकाट्यानं नाव नोंदवलं आणि चिवडा ठेवून घेतला.

काकांकडे एकेकाळी चार मतं होती. पहिलं कौन्सिलचं, म्हणजे आपल्या नगरपालिकेचं. दुसरं वेल्सच्या विधानसभेचं. तिसरं लंडनच्या संसदेचं. आपल्या सोयीसाठी मी तिथल्या माणसाला खासदार म्हणते. आणि चौथं, सगळ्यांत वरचं, युरोपच्या संसदेचं, जिथे कितीतरी देशांची माणसं आपापल्या देशातून निवडून येऊन एकत्र बसतात. मध्येच एक पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबाचंही मत असतं, पण त्याचा उल्लेख काका लोणच्यासारखा करत, ताटात असतं पण जेवण म्हणून धरत नाहीत. "चार पुडांचा डबा आहे आपला," असं ते म्हणत, आणि त्यातल्या वरच्या पुडावर त्यांचा विशेष जीव. त्याचं कारण त्यांनी मला एकदा बागेत वाफा खणता खणता सांगितलं. काकांच्या आईला गावात कोणी कधी काही विचारलं नव्हतं. विहिरीचं पाणीसुद्धा तिनं दुसऱ्यांना विचारून, लांब उभं राहून घ्यायचं. मग देशातली पहिली निवडणूक आली आणि एका सरकारी माणसानं तिला नावानं हाक मारून बोटाला शाई लावली. काका तेव्हा तिच्या कडेवर होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव. ती शाई जाऊ नये म्हणून डावा हात ओला न करता तिनं कितीतरी दिवस एकाच हातानं भाकरीचं पीठ मळलं. "बाप म्हणे, भाकरी तुटून राहिली. माय म्हणे, तुटू दे." एवढं सांगून काका पुन्हा खणायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तिचा पोरगा इथे बसून अख्ख्या युरोपच्या संसदेला मत देते. आता बोल." मी गाजराचं बी टाकलं.

मतदानाच्या दिवशी काका सकाळी सातला, केंद्राचं दार उघडताना, पहिले. अंगात सूट, बुटांना पॉलिश, हातात स्टीलचा डबा. त्यात तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी बेसनाचे लाडू. पहिल्या वर्षी तिथल्या बाई घाबरल्या आणि हे कोणत्या पक्षाकडून, असं त्यांनी विचारलं. काकांनी आधी मत दिलं, मग डबा उघडला आणि सांगितलं, "आता मी मत देऊन बसलो. आता तुम्हाला लाच देऊन माझा काही फायदा नाही. खा." पुढे पुढे त्या बाई निवडणुकीची वाट लाडवांसाठी पाहू लागल्या. इथल्या मतदानातल्या एका गोष्टीबद्दल मात्र काकांनी ब्रिटिश लोकशाहीला कधीच माफ केलं नाही. मतपत्रिकेवर फुली मारायला इथे दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल असते, आणि बोटाला शाई तर मुळीच लावत नाहीत. "पेन्सिल!" काका म्हणत, "आम्ही सिग्नलच्या डायरीतसुद्धा पेन्सिल चालू देत नव्हतो." ते स्वतःचं फाउंटन पेन नेत आणि घरी आल्यावर त्याच पेननं स्वतःच्या डाव्या बोटाला ठिपका लावत. दुपारच्या भांड्यांपर्यंत तो जायचा.

मग देशानं युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं. निघायला उशीर झाला, आणि त्या उशिरामुळे युरोपच्या संसदेची एक शेवटची निवडणूक घ्यावी लागली. निवडून येणारी माणसं काही महिन्यांत सामान बांधून परत येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या सकाळी मीही कामावर जाता जाता काकांबरोबर गेले होते. लाडवांच्या बाई प्रेमानंच म्हणाल्या, "इतक्या थोड्या दिवसांसाठी एवढा सूट घालून आलात?" काका म्हणाले, "लग्नाला जाताना जोडपं किती वर्षं टिकणार हे विचारून कोट चढवता का तुम्ही?" बाईंचा घटस्फोट झालेला होता असं नंतर कळलं, पण त्या हसल्या. पुढच्या जानेवारीत देश बाहेर पडला आणि काकांचं चौथं मत गेलं. त्या दिवशी ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "वरचा पुडा गेला. आता झाकण कशावर बसवायचं?"

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. काकांनी उलट त्या दिवसापासून कंबर कसली. त्यांचं म्हणणं असं, की देश वरून बाहेर पडला म्हणून 'वर' काही संपलं नाही. हवा, समुद्र, मासे, औषधं, व्यापाराचे करार हे सगळं अनेक देश मिळून कुठेतरी ठरवतातच. मग ठरवणाऱ्याला आपण निवडायचं, की आपण निवडलेल्यानं परस्पर पाठवायचं? हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात बसवला होता आणि तो ते दिसेल त्या लोकप्रतिनिधीला विचारत: "तुम्हाला मी निवडतो, तर तुमच्या वर बसणाऱ्याला मी का निवडू नये?" उत्तर एका शब्दाचं हवं, हो की नाही.

कायदे करणाऱ्या माणसांना हा प्रश्न किती जड जातो याची मला कल्पना नव्हती. काकांमुळे आली. आधीच्या खासदारबाई म्हणाल्या, "अहो, त्या वरच्या सभासदांची नावंसुद्धा लोकांना माहीत नसतात, मग ती कसली लोकशाही?" हे बोलणं आमच्या बसथांब्याजवळ चाललं होतं. काकांनी मान डोलावली आणि थांब्यावरच्या लोकांना विचारलं, "आपल्या खासदाराचं नाव काय हो?" बाई शेजारीच उभ्या. कोणाला येईना. एका आजींनी बरंच आठवून नाव सांगितलं, ते टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईंचं निघालं. पुढे एक आमदार भेटले. ते म्हणाले, असल्या निवडणुकीला लोक मतदानालाच येत नाहीत. काकांनी विचारलं, "कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला येतात का? मग कौन्सिल बंद करायची?" आमदारांना त्यांची दुसरी मीटिंग आठवली. आणखी एकांनी फार गोड शब्दांत समजावलं, की आम्ही निवडून आलेलोच आहोत, आमच्यातलेच दोघं-चौघं तुमच्या वतीनं वर जाऊन बसतील. "माझ्या वतीनं जेवूनही याल का?" काकांनी विचारलं, "मला ढेकर येते का पाहू."

सगळ्यांवर कडी केली ती युनिव्हर्सिटीत भाषणाला आलेल्या एका लॉर्डसाहेबांनी. हे वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे आयुष्यभरासाठी नेमलेले. मी काकांना गाडीनं नेलं होतं म्हणून मला हे प्रत्यक्ष पाहता आलं. साहेबांनी तासभर सांगितलं, की एका देशाचे लोक एकमेकांना आपले मानतात म्हणून तिथे लोकशाही चालते. अनेक देशांच्या लोकांत तसा जिव्हाळा नसतो, म्हणून वरच्या पातळीवरची निवडणूक हे खऱ्या लोकशाहीचं नुसतं सोंग. शेवटी काकांनी हात वर केला. मला वाटलं आता नेहमीचा प्रश्न येणार. काकांनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, आपल्याला कोणी निवडून दिलं?" साहेब म्हणाले, "कोणीच नाही." काका "थँक यू" म्हणून खाली बसले. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "माणूस खरा आहे हो. एका शब्दात उत्तर दिलं."

माझं या सगळ्यावर काय मत, असं काकांनी मलाही विचारलं होतं. मी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या याद्या लावते. कोणाचा गुडघा किती वाजता आणि कोणत्या टेबलावर, हे माझं काम. मी म्हटलं, "काका, मला वरच्यांना कोणी निवडलं याच्याशी देणंघेणं नाही, यादी वेळेवर चालली की झालं." काका म्हणाले, "तू खासदार होशील."

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे काका कचऱ्याचा डबा रस्त्यावर काढताना बर्फावरून घसरले आणि डाव्या मनगटाचा चुरा झाला. ऑपरेशन आमच्याकडेच झालं. चुकून भलत्या हातावर सुरी चालू नये म्हणून सर्जन आधी कातडीवर जांभळ्या मार्करनं बाण काढतात. काकांनी त्या बाणाकडे पाहिलं आणि एवढ्या वेदनेतही त्यांचा चेहरा उजळला. "बघ, शाई! ही जाते का धुतली तर?" मी सांगितलं, चार दिवस हलत नाही. "मग निवडणूकवाल्यांना सांग ना बाई. सरकार एकच, हॉस्पिटलात शाई आहे आणि मतदानाला पेन्सिल!"

काकांची मुलगी माझी मैत्रीण. आधी ती इथेच राहायची. नवरा आयरिश, त्याची नोकरी जर्मनीत लागली तशी सगळे श्टुटगार्टजवळ गेले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती विमानानं आली आणि काकांच्या स्वयंपाकघरात आमची तिघांची बैठक झाली.

"बाबा, आता पुरे. तुम्ही आमच्याकडे चला. कायमचे."

"जर्मनीत मला मत नाही."

"हात मोडलाय तुमचा, आणि तुम्ही मताचं काय घेऊन बसलात?"

"डावा मोडलाय. फुली उजव्यानं मारतात."

"तिथे नात आहे तुमची. तिच्यापेक्षा मत मोठं आहे का?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "गंमत पाहा. जिथे चौथं मत अजून शाबूत आहे, तिथे मी राहायला जायचं, आणि तिथे गेलो की माझी उरलेली तीनही जाणार. कौन्सिलचंसुद्धा नाही. माझा कचरा उचलतील आणि मला विचारणार नाहीत."

"भारतातलं मत आहे की तुमचं," मी म्हटलं.

"आहे. पण मी राहतो कुठे?"

"जर्मन नागरिक व्हा."

"त्याला वर्षं लागतात आणि जर्मन व्याकरण लागते. दोन्ही माझ्यापाशी शिल्लक नाही."

मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला असल्या वेळी भांडी घासायला सुचतं, ती मी घासली. मग कोणीतरी सांगायला हवं होतं ते सांगितलं, "काका, पुढच्या वेळी तुम्ही पडाल तेव्हा मी कामावर असेन. बर्फात तुम्हाला कोण उचलणार? कौन्सिल फक्त डबा उचलतं." काका म्हणाले, "यावर मतदान घ्यायचं का?" मुलगी म्हणाली, "घ्या." बिस्किटांचा डबा निघाला. तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर 'जावं' होतं. एकमतानं झालेलं काकांच्या हयातीतलं हे पहिलं मतदान. एक चिठ्ठी फाउंटन पेननं लिहिलेली होती. मी ती पाहिली आणि गुन्हा होऊ नये म्हणून काही बोलले नाही.

जायच्या आधी त्यांची एकच इच्छा होती: चालू खासदारांकडून उत्तर घ्यायचं. हे नवे खासदार तरुण, सभ्य, आणि या विषयात निसरडे. शनिवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत ते लोकांना भेटत. काका तिथे इतक्यांदा गेले होते की खासदारांची मदतनीस त्यांना पाहून परस्पर चहा टाकायची. त्या दिवशी हात गळ्यात अडकवलेल्या काकांना मी घेऊन गेले. पुढचा नंबर काकांचा होता, पण मागे एक बाई बाळ घेऊन बसल्या होत्या. घराच्या भिंतींना बुरशी लागली होती आणि मालक फोन उचलत नव्हता. काकांनी त्यांना पुढे केलं. अर्धा तास गेला. मग आम्ही आत गेलो.

"मी जातोय," काका इंग्रजीत म्हणाले. "दोन महिन्यांत मी तुमचा मतदार नसेन. माझी भीती बाळगायचं कारण नाही. आता तरी सांगा. हो की नाही?"

खासदार हसले. "फार महत्त्वाचा प्रश्न आहे. पण आपण तर आता युरोपात नाहीच."

"मी युरोपचं विचारलं नाही. तुमच्या वर जो कोणी असेल, त्याचं विचारलं."

"असं आहे, की देशाच्या संसदेचं स्थान..." असं म्हणून त्यांनी बरंच काही सांगितलं. मी शब्दन् शब्द ऐकला आणि बाहेर येईपर्यंत त्यातलं काहीही माझ्याजवळ उरलं नाही. शेवटी मात्र ते दारापर्यंत आले आणि वेगळ्या आवाजात म्हणाले, "मी विचार करून सांगतो." बाहेर काका म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." मग जरा थांबून, "बुरशीचं मात्र तो करेल. फोन लावून राहिला होता."

एप्रिलच्या शेवटी काका जर्मनीला गेले. जाताना लाडवांचा डबा मला दिला, बिस्किटांचा स्वतः घेऊन गेले.

जूनमधल्या एका रविवारी त्यांचा फोन आला. तिकडे युरोपच्या संसदेचं मतदान होतं. काका एका शाळेच्या बाहेर बाकावर बसले होते आणि सूट घातला आहे हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. नात सोळा वर्षांची झालेली. बापाकडून ती आयरिश, म्हणजे युरोपची नागरिक, आणि तिथे या निवडणुकीला सोळाव्या वर्षी मत मिळतं. "आत गेली ती. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही पण चला. मी म्हटलं, ना बाप्पा, माझं नाव नाही तिथे, मी दारापर्यंत." मग फोनवर बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज. मी विचारलं, "काका, आहात ना?" "आहो. आली ती." मागून पोरीचा आवाज आला, "आजोबा, झाला! मी मत दिली!" तिचं मराठी तेवढंच. काका तिला म्हणाले, "बोट दे इकडे." फाउंटन पेनचं टोपण काढल्याचा आवाज फोनवर येत नाही, पण मला कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्याकडे संसदेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला आणि एका संध्याकाळी खासदार स्वतः आमच्या दारात. माझ्या मताबद्दल विचारायच्या आधी त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे आता एक नवं जोडपं राहतं. "ते गृहस्थ कुठे आहेत? हात मोडलेले?"

"गेले जर्मनीला. सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला."

"मला त्यांना उत्तर द्यायचं होतं." हातातली पत्रकं त्यांनी काखेत धरली. "त्यांना सांगाल का? मी तत्त्वाचं कारण खूप शोधलं. खरं कारण साधं आहे. वर एखादा अधिकारी बसला असेल तर मी त्याच्यावर ओरडू शकतो, आणि माझे मतदार खूश होतात. पण वरच्यालाही माझ्याच गल्लीतल्या लोकांनी निवडलं असेल, तर त्याचं ऐकावं लागेल. ते आम्हाला नको असतं. आमच्यातल्या बहुतेकांना. मलाही."

"म्हणजे हो की नाही?" मी विचारलं. ही काकांची सवय लागते.

"उत्तर हो असायला हवं. मी 'नाही' म्हणत राहीन. दोन्ही सांगा त्यांना." आणि ते पुढच्या दाराकडे गेले. जाता जाता बुरशीवाल्या बाईंना नवं घर मिळाल्याचंही सांगून गेले.

मी लगेच फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "हे त्यानं आधी सांगितलं असतं तर मी त्याला मत दिलं असतं."

"म्हणजे कधी दिलंच नाही?"

"ते गुप्त असते."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "यंदा मी नाही. सातला दार उघडून त्या बाई डबा शोधतील."

मी नेहमी कामावरून परतताना, रात्री नवाच्या सुमाराला मत देते. त्या गुरुवारी सकाळच्या यादीतली पहिली दोन ऑपरेशनं रद्द झाली होती म्हणून, आणखी कशासाठी नाही, पावणेसातला केंद्रावर पोचले. डबा बरोबर होता. लाडू दुकानातले; मला बेसन भाजायला वेळ नाही. बाईंनी एक खाल्ला, पण दुसरा घेतला नाही. पहिलं मत माझं. फुली पेन्सिलीनंच मारली. गाडीत बसल्यावर खिशात हॉस्पिटलातला जांभळा मार्कर सापडला. माझ्या खिशात तो नेहमीच असतो.

संध्याकाळी डावा हात कोरडा ठेवून कणीक एका हातानं मळली. नीट मळली जात नाही, हे ज्यांना करून पाहायचं असेल त्यांना आधीच सांगते. नवरा जेवता जेवता म्हणाला, "आज पोळ्या तुटतायत."

मी म्हटलं, "तुटू दे."